शेजारधर्माचा हिशेब: भारत आपल्या छोट्या शेजाऱ्यांशी नेमका कसा व्यवहार करतो

दक्षिण आशियाचा नकाशा समोर घ्या आणि नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव या पाच देशांवर बोट ठेवा. यातल्या कुठल्याही दोघांची जमिनीवरची हद्द एकमेकांना लागत नाही. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळ जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंदीची चिंचोळी पट्टी आहे, आणि ती भारताची आहे. नेपाळला आपली वीज ढाक्याला विकायची असो की भूतानला आपली खडी बांगलादेशातल्या नारायणगंजला पोचवायची असो, वाट भारतातूनच जाते. नेपाळचं पेट्रोल-डिझेल इंडियन ऑइलकडून येतं. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० असा पक्का बांधलेला आहे. मालदीवच्या स्वयंपाकघरातला कांदा-बटाटा बराचसा भारतातून जातो.

इतकं अवलंबून असलेल्या शेजाऱ्याला भारत किती मदत देतो, यापेक्षा मोठी काळजी एकच असते: दिलेलं ऐन वेळी थांबणार तर नाही ना? भारतानं पैसा, माणसं, औषधं देताना हात आखडता घेतला, असं फारसं म्हणता येणार नाही. आपण कमी पडतो ते भरवशात. ही गोष्ट समजून घ्यायची तर दौऱ्यांमधली भाषणं बाजूला ठेवून निर्यातबंदीच्या अधिसूचना, कर्जाच्या अटी आणि नदीच्या पाण्याचे आकडे वाचावे लागतात.

धोरणाची नावं माहिती असावीत म्हणून थोडक्यात सांगतो. १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना इंद्रकुमार गुजराल यांनी पाच तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं, की या पाच देशांकडून भारत तोडीस तोड परतफेडीची अपेक्षा धरणार नाही, जमेल ते विश्वासानं देईल. २०१४ नंतर 'शेजारी प्रथम' हे नाव रूढ झालं. नावं बदलली, कामाची यंत्रणा फारशी बदलली नाही.

पाकिस्तान आणि चीन या लेखात नाहीत. तिथे सगळं लष्कर, दहशतवाद आणि हद्दीभोवती फिरतं. फक्त एक परिणाम लक्षात ठेवायला हवा: भारत-पाकिस्तान तणावामुळे सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर झालेलीच नाही. त्यामुळे छोट्या शेजाऱ्यांना भारताशी बोलायचं तर एकेकट्यानंच बोलावं लागतं.

नळ कुणाच्या हातात आहे

परराष्ट्र मंत्रालयात शेजाऱ्यांसाठी वेगवेगळे विभाग आहेत. नेपाळ-भूतानसाठी उत्तर विभाग, बांगलादेश-म्यानमारसाठी एक, श्रीलंका-मालदीवसाठी हिंदी महासागर विभाग. पण शेजाऱ्याच्या रोजच्या जगण्याला ज्या निर्णयांची झळ बसते, ते बहुतेक दुसरीकडे होतात. कांदा, गहू, तांदूळ, साखर यांची निर्यात थांबवण्याची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय काढतं, आणि त्यामागचा दबाव असतो देशातल्या किरकोळ बाजारातल्या भावाचा. नद्यांचं पाणी जलशक्ती मंत्रालय आणि राज्यं पाहतात. सीमेवरची फाटकं, सुरक्षा दलं आणि तपासणी नाके गृह मंत्रालयाकडे. कर्जाचा पैसा अर्थ मंत्रालय आणि मुंबईतल्या कफ परेडला मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेमार्फत जातो. राजदूतानं दोन वर्षं खपून जमवलेला विश्वास एका रात्री निघालेल्या अधिसूचनेनं उडू शकतो, तो यामुळे.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण नाशिकचं आहे.

२९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात बंद झाली. चारच दिवसांत बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, असं त्यांनी हसत सांगितलं, पण पुढची विनंती गंभीर होती: बंदी घालायची तर आधी कळवा, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा तेच घडलं. माल भरलेले ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेवर अडकले, कांदा सडू लागला आणि अडकलेला माल सोडायला काही दिवसांनी खास परवानगी द्यावी लागली. ८ डिसेंबर २०२३ ला तिसरी बंदी आली, ती ४ मे २०२४ पर्यंत चालली आणि उठली तीही ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून.

लासलगावच्या बाजारात भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पलीकडे काय होतं ते कमी लिहिलं जातं. ढाक्याचा आयातदार तुर्कस्तान, इजिप्त, चीनशी बोलणी करतो. हा माल महाग पडतो, यायला उशीर लागतो, चव वेगळी असते. तरीही एकदा हा रस्ता बसला की तो पुसला जात नाही. तिथलं सरकार स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला प्रोत्साहन देतं. पुढच्या वर्षी भारतात कांदा भरपूर पिकतो, पण गिऱ्हाईक अर्धं सुटलेलं असतं.

आणि नळ शेजाऱ्याच्या हातातही असतो. वरुड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकांचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशानं २०१९ पासून संत्र्यावरचं आयातशुल्क दरवर्षी चढवत नेलं आणि चार वर्षांत ते चौपटीच्या वर गेलं. विदर्भातल्या बागायतदाराला परराष्ट्र धोरण असं दारात येऊन भेटतं.

आता याच काळातलं उलट उदाहरण पाहा. मालदीवबरोबर भारताची १९८१ पासूनची एक व्यवस्था आहे: अंडी, बटाटा, कांदा, तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, डाळ, वाळू, खडी या वस्तूंचा वर्षाचा ठरलेला कोटा. देशात बंदी असली तरी हा कोटा चालू राहतो. २०२३ च्या निवडणुकीत 'इंडिया आउट'च्या लाटेवर मोहम्मद मुइझ्झू निवडून आले, त्यांनी भारतीय सैनिक परत न्यायला सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या काही उपमंत्र्यांच्या शेरेबाजीनंतर आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची हाक उठली. अशा वातावरणात एप्रिल २०२४ मध्ये भारतानं मालदीवचा कोटा कमी केला नाही, वाढवला: खाद्यवस्तूंचा ५ टक्के, वाळू आणि खडीचा २५ टक्के, म्हणजे प्रत्येकी १० लाख टन. तेव्हा एरवी कांद्याची निर्यातबंदी चालूच होती. सैनिकांचा प्रश्नही आदळआपट न करता सुटला. दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान तिथेच राहिलं, आणि ते चालवायला १० मे २०२४ पर्यंत सैनिकांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीत आले तेव्हा ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. रागाच्या भरात काही न करण्याचं फळ किती मोठं असतं, ते इथे दिसलं. बांगलादेशानंही डिसेंबर २०२२ मध्ये असाच वार्षिक कोटा मागितला होता. तो तेव्हा ठरला असता तर पुढचा बराच कडवटपणा टळला असता, असं आमचं स्पष्ट मत आहे. साडेपाच लाख लोकवस्तीच्या देशाला कोटा देणं सोपं आणि सतरा कोटींच्या देशाला अवघड, हे खरं. पण गरजेच्या एखाद्या हिश्शाची हमी आणि बंदीआधी पूर्वसूचना, एवढं तरी लिहून देता येतं.

लस आली, मग थांबली

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्डची पहिली खेप २० जानेवारी २०२१ ला बाहेर गेली ती भूतान आणि मालदीवला. भूतानला एकूण साडेपाच लाख डोस मिळाले आणि त्या देशानं दोन-अडीच आठवड्यांत जवळजवळ सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिला. बांगलादेशाला सुरुवातीलाच २० लाख डोस भेट मिळाले, शिवाय त्यांनी ३ कोटी डोस विकत घेण्याचा करार केला होता, दरमहा ५० लाख या हिशेबानं.

मार्च-एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. आपल्याकडे माणसं ऑक्सिजनविना जात होती, तेव्हा दुसरा निर्णय होणं शक्यही नव्हतं. पण परिणाम नोंदवायलाच हवा. बांगलादेशाच्या विकतच्या ३ कोटींपैकी तोवर ७० लाखच पोचले होते. पहिला डोस घेतलेले लाखो लोक दुसऱ्याची वाट पाहत राहिले आणि ढाक्यानं चीनच्या सिनोफार्मकडून लस घेतली. भूतानच्या दुसऱ्या डोसला जुलैमध्ये अमेरिकेकडून आलेली मॉडर्ना वापरावी लागली. भेट आणि विक्री या दोन गोष्टी जाहीर करताना 'आमच्याकडे साथ वाढली तर वेळापत्रक बदलेल' हे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं असतं, तर पुढची निराशा कमी झाली असती.

कर्ज जाहीर होतं, पूल मात्र उभा राहत नाही

'भारतानं अमुक अब्ज डॉलरची लाइन ऑफ क्रेडिट दिली' अशी बातमी आपण वाचतो. ही रक्कम शेजाऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. प्रक्रिया अशी असते: शेजारी सरकार प्रकल्प सुचवतं, तो भारतीय दूतावासामार्फत परराष्ट्र मंत्रालयात आणि तिथून अर्थ मंत्रालयात जातो. मंजुरी मिळाली की एक्झिम बँक त्या सरकारशी करार करते. बँक हा पैसा बाजारातून उभा करते, आणि बाजारातला व्याजदर व सवलतीचा दर यांतला फरक भारत सरकार भरून देतं. बांगलादेशासाठी दर साधारण १ टक्का, मुदत २० वर्षं, त्यात पहिली ५ वर्षं हप्ता नाही. मग निविदा निघते, पण ती फक्त भारतीय कंपन्यांसाठी. ठेका मिळालेल्या कंपनीला बँक थेट पैसे देते. डॉलर सीमा ओलांडतच नाहीत, सीमा ओलांडतो तो माल आणि अभियंते.

अटी चांगल्या आहेत, मग काम अडतं कुठे? सर्वसाधारण अट अशी, की ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. रेल्वेची इंजिनं किंवा बस घ्यायच्या असतील तर ते ठीक. रस्ता बांधायचा असेल तर वाळू, विटा, मजूर कुणी भारतातून नेत नाही. म्हणून बांधकामासाठी अट ६५ टक्क्यांवर आणावी लागली. निविदेला दोन-तीनच कंपन्या येतात, बोली अंदाजापेक्षा वर जाते, फेरनिविदा निघते. प्रत्येक टप्प्यावर बँकेची संमती लागते आणि दर वेळी कागद ढाका-मुंबई-दिल्ली फिरतो. पलीकडे भूसंपादन रखडतं, आयात मालावर कर कुणी भरायचा याचा वाद होतो. बांगलादेशाला २०१० पासून तीन टप्प्यांत ७ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज जाहीर झालं. २०२४ पर्यंत त्यातली निम्मीसुद्धा रक्कम खर्च झाली नव्हती.

म्यानमारमधला कलादान प्रकल्प याहून जुनं दुखणं आहे. कोलकात्याहून समुद्रानं सित्त्वे बंदर, तिथून नदीनं पलेत्वा, पुढे १०९ किलोमीटर रस्त्यानं मिझोरामची सीमा. करार २००८ चा. मूळ खर्च ५३६ कोटी रुपये होता, २०१५ मध्ये तो २,९०४ कोटी झाला. सित्त्वे बंदर मे २०२३ मध्ये सुरू झालं, पण रस्ता अपुराच राहिला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा गाव म्यानमार सरकारच्या हातून जाऊन अराकान आर्मी या सशस्त्र बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं.

वेगानं मदत देणं भारताला जमत नाही असं नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. भारतानं त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरचा आधार दिला. मोठे प्रकल्प बाजूला ठेवून रोख आणि इंधन दिलं, म्हणून तो उपयोगी पडला. रिझर्व्ह बँकेकडून ४० कोटी डॉलरचा स्वॅप (चलन-अदलाबदल), इंधनासाठी ५० कोटी, अन्न-औषधांसाठी स्टेट बँकेमार्फत १ अब्ज, शिवाय आशियाई क्लिअरिंग युनियन या देशादेशांतली व्यापारी देणी मिटवणाऱ्या व्यवस्थेतली देणी पुढे ढकलली. स्वॅप म्हणजे एवढंच: श्रीलंकेची मध्यवर्ती बँक आपला रुपया ठेवते, बदल्यात डॉलर उचलते आणि मुदतीनंतर ते परत करते. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला कर्जफेरबदलाची हमी देणारा पहिला देश भारतच होता, त्यामुळे श्रीलंकेचं नाणेनिधीचं कर्ज मोकळं व्हायला मदत झाली.

दाब दिला की काय होतं

छोटा शेजारी ऐकत नाही म्हणून पुरवठा आवळायचा, हा मोह मोठ्या देशाला होतोच. त्याचे परिणाम नोंदलेले आहेत. जुलै २०१३ मध्ये भूतानची निवडणूक चालू असतानाच स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेलवरचं भारताचं अनुदान थांबलं. ते लवकरच पूर्ववत झालं, पण सगळ्यात जवळच्या मित्राच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

नेपाळची जखम खोल आहे. एप्रिल २०१५ च्या भूकंपात भारताची मदत काही तासांत पोचली होती. २० सप्टेंबरला नेपाळनं नवी राज्यघटना स्वीकारली, तराईतल्या मधेशी समाजाचा तिला विरोध होता, आणि सीमेवरचे ट्रक थांबले. आंदोलनामुळे चालक पुढे जायला धजत नाहीत, असं भारताचं म्हणणं होतं. नेपाळी माणसानं याला नाकाबंदीच म्हटलं. फेब्रुवारी २०१६ पर्यंत, ऐन थंडीत, गॅस आणि औषधांची टंचाई राहिली. भूकंपातल्या मदतीची आठवण त्यात पुसली गेली. मार्च २०१६ मध्ये नेपाळनं चीनशी वाहतूक करार केला. चीनची बंदरं तीन हजार किलोमीटरहून दूर, कोलकाता नेपाळच्या सीमेवरच्या वीरगंजपासून सातशेच्या आसपास, त्यामुळे व्यापाऱ्याला हा करार फारसा उपयोगाचा नाही. राजकारण्याला मात्र तो फार उपयोगाचा आहे: 'आमच्याकडे दुसरं दार आहे' असं म्हणता येतं.

त्यानंतर झालेली दुरुस्ती भाषणांतून झाली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बिहारमधलं मोतिहारी ते नेपाळमधलं अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची इंधनवाहिनी सुरू झाली, टँकरच्या रांगा कमी झाल्या. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ आपली पावसाळ्यातली जादा वीज भारताच्या वीजबाजारात विकतो. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. १५ नोव्हेंबर २०२४ ला नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय तारांमधून प्रथमच बांगलादेशात गेली. यात एक खोच आहे: चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी त्यामुळे बाहेर राहिला. सुरक्षेच्या बाजूनं हा नियम समजण्यासारखा आहे, पण नेपाळच्या नद्यांवर चिनी कंत्राटदार आले त्याचं एक कारण आपल्या रखडलेल्या प्रकल्पांत आहे. १९९६ च्या महाकाली करारातलं पंचेश्वर धरण अजून कागदावरच आहे.

बांगलादेशाशी हेच चक्र ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीनांची सत्ता गेल्यावर फिरलं. एप्रिल २०२५ मध्ये ढाक्यानं भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. त्याच्या काही दिवस आधी भारतानं बांगलादेशी मालाला भारतीय बंदरं आणि विमानतळांमार्गे तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सोय काढून घेतली होती, आणि मग १७ मे २०२५ पासून बांगलादेशी तयार कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा या बंदरांतूनच येतील असं ठरवलं. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या फाटकातून येणारा सदरा श्रीलंकेला वळसा घालून उरणजवळ उतरू लागला.

राज्यांना बाजूला ठेवता येत नाही

घटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते. तरीही पाणी राज्यांच्या यादीत आहे, आणि राज्याला डावलून नदीचा करार टिकत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले तेव्हा तीस्तेचा मसुदा तयार होता. ममता बॅनर्जी ऐन वेळी मागे हटल्या आणि करार आजवर झालेला नाही.

जमिनीचा तंटा सुटायला ४१ वर्षं लागली. १९७४ च्या इंदिरा-मुजीब करारात छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या पोटात अडकलेल्या गावांची, अदलाबदल ठरली होती. बांगलादेशानं तो लगेच मंजूर केला. भारताला मात्र घटनादुरुस्ती लागत होती, कारण देशाची भूमी देताना ती आवश्यक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सांगितलं होतं. २०१५ च्या शंभराव्या घटनादुरुस्तीनं ते झालं. ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताची १११ गावं तिकडे गेली, बांगलादेशाची ५१ इकडे आली. तोवर तिथे राहणाऱ्या पन्नास हजार लोकांना ना धड शाळा होती, ना मतदान, ना वीजजोडणी.

आता पुढची परीक्षा गंगेची. पश्चिम बंगालमधला फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला तो हुगळीत पाणी सोडून कोलकाता बंदरातला गाळ हटवण्यासाठी. त्याच्या पाण्याचा करार १२ डिसेंबर १९९६ ला झाला, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांना आधीपासून बरोबर घेतलं होतं, म्हणून तो टिकला. १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांत, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यानं वाटप होतं. फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,०००, बाकी बांगलादेशाला. ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या दिवसांत दोन्ही देशांना आळीपाळीनं ३५,००० ची हमी. पाणी ५०,००० च्या खाली गेलं तर तातडीनं बसून बोलायचं, पण तेव्हा कुणाला किती मिळेल हे करारात लिहिलेलं नाही.

करारातला अंदाज १९४९ ते १९८८ च्या सरासरी प्रवाहावर बांधला आहे. त्यानंतर वरच्या अंगाला उत्तर प्रदेश-बिहारमध्ये उपसा वाढला. बिहारची तक्रार आहे की फराक्क्यामुळे गाळ साचून पूर येतो. मालदा आणि मुर्शिदाबादमध्ये काठ ढासळून गावं नदीत गेली आहेत. ममता बॅनर्जींनी जून २०२४ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून राज्याला वगळून बोलणी करू नका असं कळवलं. कराराची मुदत ३० वर्षांची, ती १२ डिसेंबर २०२६ ला संपते. दोन्ही देशांची पथकं दर कोरड्या हंगामात फराक्क्याला आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलापाशी रोज पाणी मोजतात. या करारातली त्यांची शेवटची मोजणी ३१ मे २०२६ ची.